इंद्रभुवनातला इंटरव्हल

"आज अकराच्या फेरीला येणारेत," आई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक थालीपीठ टाकलं.

"कोण येणारेत?"

"मुलीकडची. तुला बघायला."

"थिएटरात?"

"मग कुठं? घरी असतोस का तू? त्या मुलीनंच सांगून पाठवलंय, मुलाला कामावर असताना बघणार म्हणून. तिचं म्हणणं, चहाचा कप धरून बसलेला कुठलाही मुलगा गरीबच दिसतो."

"नाव काय तिचं?"

"ते सांगणार नाही. सांगितलं की तू तिच्याकडंच बघत बसशील आणि जिन्यावरनं पडशील. मध्यस्थानं बजावलंय, मुलाला यातलं काही कळू द्यायचं नाही. मी एवढं सांगितलं तेच जास्त झालं." आईनं तवा खाली उतरवला आणि खरं काय ते बोलली. "श्रेणिक, हे जमलं नाही ना, तर पुढच्या महिन्यापासून मामाच्या खताच्या दुकानात बसायचं. मी शब्द दिलाय त्याला."

ही गोष्ट मोबाईलला अजून बटणं होती तेव्हाची. इंद्रभुवन टॉकीजचा मी गाईड होतो. आमच्या मालकांच्या, शिरगुप्पे साहेबांच्या आजोबांनी सांगलीच्या पेठेत ते संगीत नाटकांसाठी बांधलं. नाटकं गेली आणि मूकपट आले, मग बोलपट, मग रंगीत, मग घरोघरी टीव्ही आणि इंद्रभुवनात कबुतरं. नातवाच्या डोक्यात ते परत पहिल्यासारखं करायचं खूळ शिरलं. पुण्याहून तज्ज्ञ आले, मुंबईहून मखमल आली. छताजवळच्या प्लास्टरच्या अप्सरांची नाकं तेवढी कबुतरांनी खाल्ली होती. ती बसवायला तज्ज्ञ मिळेना, तेव्हा गणपती करणाऱ्या एका कारागिराला बोलावलं. भाद्रपद तोंडावर आलेला. त्यानं हाताला लागली ती नाकं लावली आणि गेला. तेव्हापासून इंद्राच्या दरबारातल्या त्या अप्सरा थेट गौरींसारख्या दिसतात. आता कुणीतरी पुरणपोळीचा नैवेद्य आणणार, अशा चेहऱ्यानं खाली बघत असतात.

लोक तिकीट काढून हे सगळं बघायला यायचे आणि मी त्यांना इतिहास सांगायचो. जिथं इतिहास कमी पडे तिथं घरचा घालायचो. पुराच्या साली नदीचं पाणी तिसऱ्या रांगेपर्यंत आलं होतं, हे खरं. पाणी ओसरल्यावर पहिल्या खेळाला एक कासव खुर्चीत बसलेलं सापडलं आणि डोअरकीपरनं त्याच्याकडं तिकीट मागितलं, हे माझं. लोकांना कासव फार आवडायचं.

मुलींच्या बापांना मात्र कासव पुरत नसे.

"मुलगा काय करतो?"

"थिएटर दाखवतो."

"म्हणजे सिनेमा दाखवतो?"

"नाही, नुसतं थिएटर."

पोहे येईपर्यंत माणसं उठलेली असायची. जी थांबायची ती म्हणायची, मुलगा चांगला आहे, पण हे सोडून मामाच्या दुकानात बसत असेल तर बोलू. खतात माझं मन रमणार नव्हतं. युरियाच्या पोत्याचा इतिहास तो काय सांगणार? त्यामुळं जी मुलगी मला इंद्रभुवनात येऊन बघणार होती, ती मला न बघताच पसंत होती. आता तिनं हो म्हणायला पाहिजे होतं, एवढंच.

अकराला दारात जाऊन उभा राहिलो. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. फेरीला दोनच घरची माणसं आली होती.

पहिलं घर बघितलं आणि ओळखलंच. सफारी घातलेले वडील, जरीकाठाची साडी नेसलेली आई आणि मध्ये पिवळ्या ड्रेसमधली मुलगी, गजरा माळलेली. भर सकाळी थिएटर बघायला गजरा कोण माळतं?

दुसरं घर म्हणजे एक म्हातारा, एक म्हातारी आणि त्यांची नात. म्हाताऱ्याच्या डोक्याला गांधी टोपी, डोळ्यांना जाड भिंगांचा चष्मा. म्हातारी ठेंगणी, काळीसावळी, नाकात चमकी. नातीच्या एका हातात हेल्मेट आणि पायांत गमबूट. तिच्या अंगाला फिनेलचा वास येत होता. म्हटलं, आजीआजोबांना एसीत बसवायला आणलं असेल. उन्हाळ्यात तसे बरेच यायचे.

"गाईडसाहेब," सफारीवाल्यांनी आत शिरताच विचारलं, "हे सगळं परमनंट आहे ना?"

"एकदम परमनंट," मी म्हणालो. "पीएफसुद्धा कापतात."

त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र बघितलं. मला वाटलं, प्रसन्न झाले.

मग मी जो सुटलो! कारंजं दाखवलं, संगमरवरी तिकीट खिडकी दाखवली. अप्सरांपाशी तर गाण्याची एक लकेर पण घेतली. आणि हे सगळं पिवळ्या ड्रेसकडं बघून. ती बिचारी आईच्या मागं सरकायची, मी या बाजूनं वळसा घालून तिच्यासमोर यायचो. कासवाला मी त्या दिवशी बायकोसुद्धा दिली.

"मग दोघांची तिकिटं मागितली का?" मागून त्या गमबूटवाल्या नातीनं विचारलं.

"अं?"

"कासवाची बायको लेडीजमध्ये बसली असेल ना. वेगळं तिकीट लागलं असेल."

ही हसत होती की काय ते कळेना. मी लक्ष दिलं नाही. सफारीवाले हातानं खुर्च्यांच्या रांगा मोजत होते आणि बायकोला हळूच म्हणत होते, "माणसं मावतील सगळी." मी म्हटलं, वा, यांच्या डोक्यात लग्नाची माणसंसुद्धा मोजून झाली!

म्हातारा तेवढ्यात माझ्याजवळ आला. त्यांना नात तात्या म्हणत होती आणि म्हातारीला अक्का. "लेकरा," तात्या म्हणाले, "बायकांचा सज्जा कुठाय? त्यो पाडला न्हाई नव्हं?"

"तात्या, तोच तर आपल्या फेरीचा मुकुटमणी!" मी ओरडलो आणि सगळ्यांना पडद्याजवळ नेलं.

इंद्रभुवनात बायका वर सज्जात बसायच्या, पुरुष खाली. जिने वेगळे, दारं वेगळी. नवराबायको एकत्र निघून, वेगवेगळे बसून, परत एकत्र घरी जायचे. आणि त्या सज्जामुळं सांगलीत एक पद्धत पडली होती, ती मात्र खरी, माझ्या घरची नव्हे. ज्यांना दाखवण्याचा बोभाटा नको असे, ती घरं मुलीला खेळाला घेऊन यायची. इंटरव्हलला दिवे लागले की मुलगी सज्जाच्या ठरलेल्या खांबाला येऊन उभी राहायची. मुलगा खाली पडद्याजवळ हातात गोटी सोडा घेऊन, पाठ पडद्याकडं आणि तोंड सज्जाकडं करून उभा असायचा. सोडा पिऊन झाला की बघणं झालं. नकार आला तरी मुलीचं नाव खराब होत नसे, कारण ती आपली सिनेमा बघायला आली होती.

ते मी करून दाखवायचो. बायकांना वर सज्जात पाठवायचो, पुरुषांना पडद्याजवळ उभं करायचो, दिवे घालवायचो, घंटा वाजवायचो आणि दिवे लावायचो.

"बायकांनी वर चला! लक्षात ठेवा, आत्ता तुमचं लग्न ठरायचंय!"

सफारीवाल्यांची बायको आणि मुलगी वर गेल्या. अक्का एकेक पायरी चढत गेल्या, त्यांच्या मागं नात. खाली आम्ही तिघं. फेरीभर हातात नाचवत आणलेली सोड्याची बाटली मी पुढं धरली. मालकांनी इतिहासापायी गोटीवाल्या बाटल्या मुद्दाम बनवून घेतल्या होत्या. दिवे घालवले, घंटा वाजवली, दिवे लावले आणि पिवळ्या ड्रेसकडं रोखून बघत, आयुष्यातला सगळ्यात देखणा चेहरा करून गोटी दाबली.

एवढा वेळ नाचवलेली बाटली ती. सोडा उडाला तो सरळ सफारीवर. गळ्यापासून पट्ट्यापर्यंत.

"अहो!" सफारीवाले.

"अय्या!" वरून त्यांची बायको.

आणि सज्जातून एक खणखणीत हसू आलं, फिनेलवालीचं. मी रुमाल काढून होणाऱ्या सासऱ्यांची छाती पुसायला लागलो. ते मागं सरकले, मी पुढं गेलो, असं करत आम्ही पहिल्या रांगेपर्यंत पोचलो.

तात्यांचं कशाकडंच लक्ष नव्हतं. ते पडद्याखालच्या फरशीवर पाय घट्ट रोवून उभे होते. "हितंच," ते म्हणाले. "हितंच हुबा हुतो मी. ह्याच जागेवर." आणि वर बघून हाक मारली, "अगं, हितंच की गं!"

मला देवच पावला. सोड्यावरनं लक्ष उडवायला एवढं बरं काय मिळणार? मी हात पसरले. "मंडळी! आज आपल्यात प्रत्यक्ष इंटरव्हलचं जोडपं आहे! तात्या, सांगा सगळ्यांना, काय बघितलंत?"

"सांगायचं काय त्यात. ही त्या मधल्या खांबाला हुबी. हिरवं लुगडं. मान खाली घातल्याली, अन् पदराचं टोक बोटाला गुंडाळत हुती, सोडत हुती. लई ग्वाड दिसत हुती." तात्यांचं हे वाक्य इतकं गुळगुळीत झालेलं होतं की घरात शेकडो वेळा फिरलं असणार. "मी सोडा निम्मा टाकला अन् मामाला म्हणलं, ठरवा."

आम्ही टाळ्या वाजवल्या. वर अक्का कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी टाळ्या थांबू दिल्या.

"ती मी न्हवते," त्या म्हणाल्या.

इंद्रभुवनाची ख्याती अशी की सज्जात कुजबुजलं तरी खाली पडद्यापाशी ऐकू येतं. अक्का तर साध्या आवाजात बोलल्या होत्या.

"काय म्हणतीस?"

"मधल्या खांबाला मी न्हवते. ती चंपा, माझ्या मावशीची लगीन झालेली लेक. मला त्येच्या आदी लई जणांनी बघून सोडलंतं. काळी म्हणून. मावशी म्हणली, ह्यो बी जाईल. चंपाला नेसवलं हिरवं लुगडं अन् तिला हुबी केली. मी त्या तिकडं जिन्यात, तिचं बारकं पोरगं काखंत घिऊन बसलेले." अक्का थांबल्या. "तुमी येता-जाता सांगता, हिरवं लुगडं, ग्वाड दिसत हुती. पाव्हण्यांत सांगता, बारशात सांगता. दर खेपेला मी तिथं बसून ऐकते. म्हणते, ह्येनी पसंत केली चंपा अन् पदरात पडले मी. अन् ह्यो माणूस कदी एका शब्दानं बोलला न्हाई मला. आज हितं आले त्ये ह्येच सांगायला. आता मला झेपना झालंय."

सफारीवाल्यांनीसुद्धा शर्ट झटकायचं थांबवलं. सज्जात नातीनं आजीच्या पाठीवर हात ठेवला होता. तिचं हसू पार गेलं होतं.

तात्या हळूच पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसले. टोपी काढली, परत घातली.

"मला काय दिसलंच न्हवतं," ते म्हणाले.

"काय?"

"चष्मा खिशात हुता. मामानं काढाय लावला. म्हणला, पोरीकडची बी बघणार तुला, चष्मेवाल्याला कोण पोरगी देतंय? मी वर बघितलं तर नुस्तं धुकं. खांब दिसना, तर बाई कुठली दिसतीय!"

"आन् हिरवं लुगडं?"

"मामा कानात बोलला, हिरवी बघ, हिरवी. म्हणून हिरवं."

"पदर गुंडाळत हुती म्हणता ते?"

"त्ये मी घातलं." तात्यांनी मान खाली घातली. "कुणीतरी इचारतंय, काय बघितलंस म्हणून. काय सांगायचं, धुकं बघितलं? मंग पदर घातला. मंग मान खाली घातली. दर साली थोडं थोडं वाढत गेलं."

माझी मान आपोआप खाली गेली. मला माझं कासव आठवलं.

वरून कठड्यावर वाकून अक्का म्हणाल्या, "म्हंजी तुमी चंपाला बघितलंच न्हाई?"

"कोण चंपा? आजपातूर मला ठावं न्हवती ती."

"मंग हो का म्हणला?"

"सोडा संपत आलता. मामा कोपरानं ढोसत हुता."

"अन् मला कदी बघितलं मंग?"

"लग्नात. चष्मा घातला हुता तवा. अंतरपाट खाली झाला, तवा बघितलं."

"अन्?"

"अन् काय? डोळ्यात अक्षता जायलत्या, वाजंत्री वाजायलती. बोलायला सवड कुठं हुती?"

"आता हाय की सवड," अक्का म्हणाल्या.

अख्खं इंद्रभुवन थांबलं. अप्सरासुद्धा नाकं खाली करून वाट बघत होत्या. तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि मान वर करून सज्जाकडं नीट बघितलं.

"बरी दिसत हुतीस," ते म्हणाले.

"बरी?"

"लई बरी."

अक्कांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते खालून मला दिसलं नाही. मग त्या जिना उतरायला लागल्या आणि तात्या खुर्चीवरनं उठून पुरुषांनी कधी जायचं नसतं त्या बायकांच्या जिन्याच्या दाराशी जाऊन उभे राहिले. हात पुढं करून. फेरीतल्या सगळ्यांनी भिंतीवरची नक्षी बघायला सुरुवात केली.

सफारीवाल्यांना दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा मी काकुळतीला आलेलो. "साहेब, सोड्याचं मनावर घेऊ नका. माझं एरवी असं होत नाही."

"ते असू दे हो," ते म्हणाले. "मला एवढं सांगा, साखरपुड्याला हा हॉल देता का तुम्ही?"

मी ओला रुमाल खिशात कोंबून ताठ उभा राहिलो. "कधीचा विचार आहे?"

"जावई अमेरिकेतनं दिवाळीत येतोय. जेवणाला भटारखाना आहे का मागं?"

मी नाही म्हणालो. भटारखान्याला म्हणालो की नशिबाला, कोण जाणे. पिवळा ड्रेस जाताना माझ्याकडं घाबरून बघत गेला. म्हणजे माझी माणसं आलीच नव्हती. कुणीतरी घरी बसूनच नकार देऊन मोकळं झालं होतं. पायरीवर बसलो आणि डोळ्यांसमोर युरियाची पोती यायला लागली.

"इथं बसता होय तुम्ही, फेरी झाली की?"

गमबूट माझ्यासमोर येऊन थांबले होते. पलीकडं रसवंतीत तात्या आणि अक्का एकाच बाकावर बसले होते.

"तुमच्या आजीआजोबांमुळं आजची फेरी तरली," मी म्हणालो. "नाहीतर माझं काही खरं नव्हतं. मला बघायला येणार होते आज."

"आले होते की."

"कधी?"

"अकराला," ती म्हणाली. "मी पद्मजा मगदूम. कवठ्याला जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर आहे."

मी उठून उभा राहिलो, मग कशाला उठलो ते न कळून परत बसलो. "मला वाटलं, ती पिवळ्या..."

"ते सगळ्या सांगलीला दिसलं. कारंज्यापाशी तर ती मुलगी आत पडणार होती. बरं झालं पण. माझ्याकडं तुमचं लक्षच नव्हतं, त्यामुळं मला निवांत बघता आलं." ती पायरीवर बसली. "एक विचारू? खताच्या दुकानात जाणार म्हणे तुम्ही. मध्यस्थ म्हणत होता, मुलगा ऐकेल."

हो म्हणालो तर सोयरीक जमेल, नाही म्हणालो तर हीही उठेल. मी उघड्या दारातून आत मखमलीच्या पडद्याकडं बघितलं, अप्सरांकडं बघितलं.

"नाही जाणार," मी म्हणालो. "मला हेच जमतं. म्हणजे, हेही जमत नाही, तुम्ही बघितलंतच. पण हेच आवडतं."

तिनं हेल्मेट घातलं, पट्टा लावला. मला वाटलं, संपलं.

"आमच्या घरात आजवर कुणी कुणाला नीट बघून लग्न केलेलं नाही," ती म्हणाली. "ते आजच कळलं. मला तसं नकोय. मी तुम्हाला कामावर बघितलं. आता उद्या सकाळी तुम्ही कवठ्याला या, मला बघायला. आणि शर्ट जुना घाला."

तात्या आणि अक्का आता नाहीत. शेवटपर्यंत तात्या पाव्हण्यांत इंटरव्हलची गोष्ट सांगायचे, फक्त त्यात हिरव्या लुगड्याऐवजी धुकं असायचं, आणि अक्का मध्येच, "चंपाचं सांगा की," म्हणून आठवण करून द्यायच्या. दरवेळी धुकं थोडं दाट होत गेलं, ते सोडा.

दुसऱ्या दिवशी मी कवठ्याला गेलो. पद्मजाचं न ऐकता इस्त्रीचाच शर्ट घातला. दवाखान्यात पोचलो तेव्हा पद्मजा खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून एका अडलेल्या म्हशीच्या मागं उभी होती. मालक म्हशीला धरून मोठमोठ्यानं देवाचा धावा करत होता.

"आलात? शेपटी धरा," ती म्हणाली. "आणि सोडू नका."

मी शेपटी धरली. मग म्हशीनं जे जे म्हणून करता येतं ते ते माझ्या शर्टावर केलं. पद्मजा तिला चुचकारत होती, रागावत होती, मालकाला गप्प बसवत होती. कपाळावरनं घाम ओघळत होता आणि ती अजिबात कुणाला दाखवायला उभी नव्हती. सकाळच्या उन्हात, शेणामुतात, मी तिला पहिल्यांदा बघितलं. मग एक ओलं, काळंभोर रेडकू सटकन बाहेर आलं आणि गवतावर पडून फुरफुरलं.

पद्मजानं दंडानं कपाळ पुसलं आणि माझ्याकडं वळली.

"बघितलं का?"

"बघितलं."

"मग?"

शेपटी अजून माझ्या हातात होती आणि म्हैस माझ्या पायावर उभी होती.

"पसंत आहे," मी म्हणालो, "पण आधी हिला पाय उचलायला सांगा."